गाव म्हणजे कुठलं गाव

अहो,

आमटी गरम करून घ्या. मी वर रंभाकडे आहे. बोलवायला येऊ नका.

तिकिटं मुंबईची निघाली म्हणून मी तणतणत गुदैबिया भागात परकारांच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले. चार महिने आपण सुट्टीत तुमच्या कंपनीतल्या स्पॅनिश इंजिनियरच्या गावी, तेरुएलकडे जायचं ठरवतोय. पासपोर्टवर स्पेनला जायची परवानगी लिहून घ्यायला मी आपल्या एम्बसीत दोनदा रांगेत उभी राहिले. आणि तुम्ही नुसतं "गावाला जायचंय" म्हणालात! इथं आखातात राहणारा परकारांसारखा रत्नागिरीचा माणूस दुसरं काय समजणार? तरी मी त्यांना नाही नाही ते बोलले.

बिचारे खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, चूक नाही झाली. परतीचं तिकीट नको, असं महादेवभाऊच म्हणाले. कंपनीनं इथला व्हिसा वाढवला नाही ना, म्हणून. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

हे मला परक्या माणसाकडून कळावं? काल संध्याकाळीसुद्धा तुम्ही सुलूला भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून बदामाच्या बागा दाखवत होतात.

ती एक वाजता शाळेतून येईल. नकाशा तिच्यासमोर तुम्हीच भिंतीवरून काढा. मी नाही काढणार.

मालू