जाण्याचे ठिकाण

काका, सोलापूरच्या एसटी स्टँडवर गाडीत खिडकीशी बसले आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. काल कलेक्टर कचेरीत नागरिकत्वाचा दाखला हातात पडला. आज मी कुणालाही न विचारता शहराची हद्द ओलांडणार आहे. कंडक्टरला कुठे जायचंय ते मी उगाचच दोनदा सांगितलं.

कराचीहून आईचं बोट धरून आले तेव्हा मी सात वर्षांची होते. व्हिसा संपला, आम्ही परत गेलो नाही, आणि परदेशी लोकांची नोंद ठेवणारे हवालदार म्हणून तुम्ही दर महिन्याला आमच्या दारात यायला लागलात. आई स्वयंपाकघरात पापड लाटत असायची. तुम्ही चहाला कधी हात लावला नाही, "ड्युटीवर हाय" म्हणून नुसतं पाणी प्यायचात. शहराबाहेर जायचं तर तुमच्या साहेबांची लेखी परवानगी लागायची. दहावीत वर्गाची सहल उजनीकाठी रोहित पक्षी बघायला निघाली, तेव्हा मी गुपचूप गेले. नेमके त्याच दिवशी तुम्ही आलात. आई म्हणाली, ताप आहे, झोपली आहे. तुम्ही दारातल्या चपला पाहिल्यात, त्यात माझ्या नव्हत्या, आणि स्टूल ओढून बसलात. संध्याकाळी मी चिखलाच्या पायांनी येते, तर तुम्ही समोर.

"जाऊ नको म्हटलं का मी कधी, पोरी? आदी सांगायचं की. तितं दुसऱ्या कुणी धरलं असतं तर माझं बी काय चाललं नसतं."

मग जे घडलं ते तुम्ही जसंच्या तसं अहवालात लिहिलंत. त्यावरून आमचा इथे राहण्याच्या मुदतवाढीचा अर्ज कितीतरी महिने अडकला. परत पाठवतील म्हणून आईने कपड्यांची बॅग भरून दारामागे ठेवली होती. मला तुमचा भयंकर राग आला. पुढच्या महिन्यात तुम्ही परवानगीचे दहा छापील अर्ज आणलेत, माझं नाव-पत्ता तुमच्या अक्षरात भरलेला, फक्त 'जाण्याचे ठिकाण' कोरं. "हितं लिहायचं आन् बिनघोर जायचं. माझं गाव बी उजनीकाठीच हाय, ये की एकदा." पुण्यातला इंटरव्ह्यू, मैत्रिणीचं सांगोल्यातलं लग्न, असे नऊ अर्ज मी वापरले आणि एकदाही नकार आला नाही. दहावा तुमच्या अक्षरासाठी राखून ठेवला.

आज तुमच्याच गावाला निघाले आहे, काकूंना दाखला दाखवायला. आणि गंमत बघा, सकाळी सवयीने तो दहावा अर्ज काढून ठिकाणसुद्धा लिहिलं, मग एकटीच हसत सुटले. आता तो पर्समध्ये आहे. हे पत्रही काकूंच्या हाती द्यायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं, पण देणार नाही. चौदा वर्षांपूर्वी तुमच्या तेराव्याला मी आले नाही. परवानगी मिळाली नाही, असा निरोप मी त्यांना पाठवला होता. खरं तर तुमचे अर्ज घरातच होते. राग गेला नव्हता, म्हणून मी परवानगी मागितलीच नव्हती.