पात्यावरचं नाव

अब्बा, मी काम शिकले ते आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत. पोलादी पात्यावर बारीक रेघा मारायच्या, त्यांवर केसासारखी सोन्याची तार ठोकून अक्षर बसवायचं, मग गुळगुळीत दगडानं घासायचं. अक्षर वाकडं गेलं की तुमच्या हातोडीचा दांडा माझ्या बोटांवर. भाई दिवसभर क्रांती चौकात हिंडायचा. त्याला तुम्ही कधी हात लावला नाही.

एका बड्या घरानं लग्नासाठी खंजीर करायला सांगितला होता. पात्यावर फतहची आयत, म्हणजे कुराणातली विजयाची ओळ, खाली करणाऱ्याचं नाव. आयत मी बसवली, आणि तुम्हाला न विचारता खाली माझं नाव घातलं, नखाएवढं. तुम्ही पातं उजेडात धरता, वाचता. मी दाराला टेकून उभी.

"ये क्या है?"

"माझं नाव, अब्बा."

तुम्ही ओरडला नाहीत. चिमटा माझ्या हातात दिलात. "निकाल. औरत का नाम देखके कौन लेगा?" मी तार उपसत होते आणि तुम्ही शेजारी बसून सुपारी कातरत होता. जागा मोकळी झाली तेव्हा म्हणालात, "अब भाई का नाम लगा. तेरे हात सरीका हात किसका है?" जन्मात तुम्ही माझं कौतुक केलंत ते तेवढंच.

नंतर माझं लग्न करून मला कन्नडला धाडलंत. भाई शेंद्र्याला कंपनीत लागला, तुमचे हात थरथरू लागले. एका दुपारी तुम्ही एसटीनं माझ्या दारात आलात, फडक्यात अर्धवट खंजीर गुंडाळून. "इतना एक पूरा कर दे, बेटी." बेटी! तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. पातं मी हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, परत फडक्यात बांधलं.

"भाईला सांगा. शहरात नाव त्याचंच आहे ना?"

 मी दिलेला चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरलात, तरी चहा सदऱ्यावर सांडला. पुसायला मी फडकं पुढं केलं नाही. स्टँडपर्यंत पोचवायलाही आले नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्याचा भाईचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. फोन ठेवला, ताटातलं संपवलं, आणि परत भात वाढून घेतला. त्या दिवशी जेवण फार चवीचं लागलं, अब्बा.