पप्पांचे चाळीस दिवस

ईस्टरनंतरचा मंगळवार, संध्याकाळ

पप्पांना शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईस्टरच्या जेवणापासून छातीत जळजळ, तरी येतच नव्हते. दरवर्षी हेच. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस दारू, तंबाखू, मटण, खारी मासळी बंद, सातला जेवून मोकळे, आणि पोट अगदी गुणी. ईस्टर झाला की पुन्हा दुखणं. ते म्हणणार, "ते चाळीस दिवस देव सांभाळतो."

घरात आणखी कोणाला पोटाचा आजार होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले, हे मलाच सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडा धोका रक्तातून येतो, तो बदलत नाही. पण दारू, तंबाखू आणि खारट खाण्याने त्यात भर आपणच घालतो. पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी. भीती वाटतेय.

आणि मी? वालीवच्या ऑफिसातून नऊला येते, लोणचं-भात खाते आणि लगेच आडवी होते. ॲसिडिटीच्या गोळ्या पर्समध्ये लपवलेल्या. कोणाला बोलले नव्हते.

परतताना रिक्षात पप्पा म्हणाले, "तुझ्या पर्समधल्या गोळ्या पाहिल्यात मी. नाक माझं घेतलंस ते ठीक, पोट कशाला घेतलंस?"

मला हसू आलं आणि रडूही.

घरी येताच आईला म्हणाले, "उद्यापासून हिला संध्याकाळचाही डबा दे. सातला ती तिकडे जेवेल, मी इकडे." मग माझ्याकडे न बघता, "गेले चाळीस देवासाठी केले. आता चाळीस तुझ्यासाठी. ते संपले की परत चाळीस."

डबा आताच घासून ठेवलाय.