हाँगकाँगच्या धक्क्यावरचं गाऱ्हाणं

ती. दादा, नमस्कार.

परवा सकाळी हाँगकाँगला बोटीची वाट पाहताना मी धक्क्यावरच हात जोडून, घरच्यांची नावं घेत, समुद्राला गाऱ्हाणं घातलं. सुलू ओरडली, “अहो, आटपा! टूरवाली बाई हाका मारतेय. देव काय घरी भेटणार नाही?”

शेजारी एक म्हातारी उदबत्ती धरून बोटांवर मोजत पुटपुटत होती. नावंच असावीत. एका बोटापाशी ती बराच वेळ थांबली, मग पुढच्या बोटावर गेली.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. आपलं गाऱ्हाणं थोरल्यापासून सुरू होतं. घरचे देव मी भाईंदरला आणले आणि आपलं बिनसलं, तेव्हापासून सहा वर्षं मी माझ्याच नावापासून सुरू करत होतो. बोट लागायच्या आत मी पुन्हा हात जोडले आणि आधी तुझं नाव घेतलं.

तुझा धाकटा,
पंढरीनाथ