रजिस्टरची कापलेली कड

१८ नोव्हेंबर
लग्नपत्रिकांनी जीव घेतलाय. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना ऊत येतो. दादा पुढे ऑफसेटवर सकाळपासून उभा, मी मागे बाइंडिंगमध्ये. काशीबाई धाकट्या डहाणूहून नऊच्या ठोक्याला येते, हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. तरी ती आहे म्हणून निभतंय.

दुपारी भोये मास्तर आले. उधव्याच्या पलीकडे पाड्यावरच्या शाळेचे हेडमास्तर. फडक्यात बांधून शाळेचं जुनं रजिस्टर आणलं. मूल शाळेत घातलं की नाव, जन्मतारीख, जात लिहितात ते. पाठ गेलेली, पानं सुटलेली, कडा कुरतडलेल्या. "ताई, तपासणी यायचीय. जरा माणसात आणून द्या." घेतलं ठेवून. असं काम वर्षाकाठी एखादं येतं. कार्डं दुमडून दुमडून हात खरं काम विसरलेत.

२० नोव्हें.
रजिस्टर उसवलं. जुना सरस ओल्या फडक्याने मऊ करून खरवडला. आत झुरळांचं अख्खं गाव. फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावल्या. आठ-आठ पानं एकात एक घालून शिवायला घेतली, बाबांनी शिकवलं तसा मेणाचा दोरा. काशीबाई म्हणे, "आता कोण शिवतं ताई, गम लावून चिकटवतात." चिकटवू देत.

२३ नोव्हें.
पाठ सरसात बसली. सकाळी कटिंगला घेतलं. वर-खाली एकेक सूत पुरलं. पुढची कड मात्र हट्टी, एक सूत काढलं तरी दात दिसतच होते. आणखी एक घेतलं. दोन सूत, म्हणजे पाव इंच. आता कशी, साबणाच्या वडीसारखी. लाल कापडाची पाठ, वर काळा पुठ्ठा.

दादाने फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला टाकला. म्हणाला, "सुमे, बाबा असते तर काही बोलले नसते." बाबा गप्प राहिले म्हणजे काम चांगलं. बरं वाटलं. उगाच कशाला नाकारू.

२७ नोव्हें.
मास्तर रजिस्टर घेऊन गेले. कडेवरून दोनदा हात फिरवला. "नवीनच वाटतं हो." कॅलेंडरं सुरू. पत्र्याच्या पट्ट्या कमी पडल्या, दादा चिडचिड करतोय.

९ डिसेंबर
आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

अकराच्या सुमारास भोये मास्तर, त्यांच्यासोबत एक माणूस. रमेश वरठा, त्याच शाळेत शिकलेला, पन्नाशीचा, पायात स्लिपर, शर्ट इस्त्रीचा. मुलगी दीपाली नर्सिंगला लागलीय. जातीचा दाखला पडताळून मिळाला नाही तर महिनाअखेरीनंतर कॉलेज ठेवणार नाही. पडताळणीला बापाचा शाळेतला पुरावा लागतो. तो या रजिस्टरमध्ये.

मास्तरांनी पान उघडलं. नोंद आहे, पण नाव 'बारक्या'. घरात हाक मारायचे ते नाव पहिल्या दिवशी लिहिलं गेलं. पुढे त्या वेळच्या गुरुजींनी रमेश नाव ठेवलं आणि तसं पानाच्या कडेला, जागा नव्हती म्हणून उभ्या ओळीत, लाल शाईने लिहून खाली सही केली. त्या ओळीचे फक्त पाय उरलेत. अक्षरांची डोकी माझ्या ब्लेडखाली गेली. सही तर सगळीच.

मी काय केलं? म्हटलं, "आलं तेव्हाच उंदरांनी खाल्लेलं होतं."

मास्तर खाली बघत राहिले. रमेशभाऊंनी कडेवर बोट टेकवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "उंदीर एवढं सरळ नाय खात, ताई."

पाणी प्यायले आणि गेले. 

१० डिसें.
दादाला सांगितलं. त्याला कालच कळलं होतं, मशीन चालू असलं तरी कान उघडेच असतात त्याचे. म्हणतो, "तू गप्प बस. मास्तरांनीच सांगितलं ना नीट करा म्हणून? उद्या हे पसरलं तर एक शाळा काम देणार नाही. ग्रामपंचायतीच्या वह्या, सगळं जाईल." चुकीचं बोलत नाही तो. दुकान त्याच्याही पोटाचं आहे.

पण मला माझंच कळत नाही. तीस वर्षं कागद कापतेय. छापील कामात कड कोरीच असते, ती ठेवतात तीच कापायला. हात त्याच सवयीने चालला. हाताने लिहिलेल्या जुन्या वहीची कड कापायची नाही, काचकागदाने घासायची, हे बाबांनी एकदा नाही दहादा सांगितलं होतं. मला माहीत होतं. सरळ दिसावी म्हणून कापली. लाज वाटते. आणि वर उंदरांवर ढकललं.

११ डिसें.
कातरणाची गोणी शोधली. नाही. काशीबाईला विचारलं. "चिकूवाल्या सेठने नेली ना, तुम्हीच म्हणालात ने म्हणून." आमचं कातरण सेठ पेटीत चिकूखाली अंथरायला नेतो. वर्षानुवर्षं नेतो. बाबा असताना हाताने लिहिलेल्या कागदाचं कातरण त्यात जात नसे, ते वेगळं पडायचं आणि विहिरीजवळ जाळायचे. ते मी कधी बंद केलं आठवत नाही.

दुपारी वखारीत गेले. सेठ पेट्यांवर खिळे ठोकून घेत होता. "बेन, ते तर दिल्लीला पोचलं असेल. कोपऱ्यात थोडं पडलंय, जोई लो, बघून घ्या." फरशीवर बसले. सोनेरी कातरण, कॅलेंडरच्या निळ्या पट्ट्या, चिकूची पानं. पॅकिंगच्या दोघी बायका हसत होत्या, मग त्याही माझ्यासोबत निवडायला बसल्या. रजिस्टरचा कागद लगेच कळतो, तपकिरी आणि हातात मऊ. अकरा पट्ट्या मिळाल्या. आठ कोऱ्या. तीन पट्ट्यांवर निळ्या शाईची डोकी. लाल एकही नाही.

तीन निळ्या. म्हणजे रमेशभाऊ एकटे नाहीत. अजून तिघांचं काहीतरी मी कापलंय आणि त्यांना अजून माहीतही नाही.

१२ डिसें.
काम केलं नाही. करता आलं नाही. दादाने चहा आणून ठेवला.

१४ डिसें.
पाड्यावर जाऊन आले. चारोटीला उतरून तलासरीची गाडी, तिथून उधव्याची जीप, पुढे पायी. दादाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गेले नसते.

रमेशभाऊ अंगणात भाताचे भारे नीट लावत होते. बायको आत. दीपाली पुढे आली, तिनेच खाट टाकली. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, "मीच कापलं. उंदीर नव्हते. त्या दिवशी खोटं बोलले."

रमेशभाऊंनी हातातला भारा रचून ठेवला. मग रमेशभाऊ म्हणाले, "माहीत होतं, ताई. पण तुम्ही इथवर याल असं नव्हतं वाटलं." रागावले असते तर सोपं गेलं असतं मला.

गुरुजींनी नाव कसं ठेवलं तेही सांगितलं. वर्गात तीन बारक्या होते. हाक मारली की तिघं उभे राहायचे. म्हणून एका सकाळी तिघांना तीन नावं दिली. बाकीचे दोघं आता नाहीत. गुरुजीही नाहीत. ती ओळ तेवढी होती.

दीपालीने विचारलं, "आता हे तुम्ही लिहून द्याल का?" देईन म्हटलं. निघताना तिच्या आईने पिशवीत नाचणीची पापडी घातली. नको म्हणायचं तोंड नव्हतं.

१५ डिसें.
दादाला सांगितलं. पत्रिकांचे गठ्ठे बांधत होता, बांधतच राहिला. जेवताना म्हणाला, "बोर्डावर बाबांचं नाव आहे." म्हटलं, म्हणूनच. त्यावर ताटावरून उठला नाही, एवढंच.

भोये मास्तरांना फोन केला. त्यांची अवस्था माझ्याहून वाईट. सरकारी रजिस्टर त्यांच्या ताब्यात, कड कापलेली. वरून विचारणा झालीय की ही खाडाखोड कुणी आणि कशासाठी केली. म्हणजे संशय त्यांच्यावर आणि रमेशभाऊंवरही, की नको ते कापून टाकलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बोलले नसते तर खोटेपणाचा ठपका त्या माणसावर बसला असता, ज्याचं गेलं त्याच्यावरच.

१९ डिसें.
स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. वकिलाच्या टायपिस्टने 'अनवधानाने' घातलं होतं, ते काढायला लावलं. अनवधान कसलं, डोळे उघडे ठेवून कापलं. 'कड सरळ दिसावी म्हणून' असं लिहायला सांगितलं. तो बघत राहिला माझ्याकडे.

तिन्ही निळ्या पट्ट्या पारदर्शक पाकिटात घालून मास्तरांकडे दिल्या. दोन नावं त्यांनी पानांशी जुळवून ओळखली. तिसरं राहिलंय.

२३ डिसें.
जातपडताळणीच्या साहेबांचं बोलावणं आलं, तीस तारखेला. रजिस्टर, रमेशभाऊ, मास्तर, मी.

दादा आज स्वतःहून मागे आला. कटिंगच्या टेबलाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "ते विचारतील, कापलेल्या कडेला काय होतं. तू सांग वाचलं होतं म्हणून. नाव बदलून रमेश केले, असं लिहिलेलं होतं. एवीतेवी ते खरंच होतं ना? पोरीचं काम होऊन जाईल."

खरं होतं, यात मला शंका नाही. दादाही आता चांगल्या मनानेच म्हणतोय. पण मी वाचलं नव्हतं. शिवताना पान अन् पान माझ्या हाताखालून गेलं, दोन दिवस, आणि मी एक ओळ वाचली नाही. मी दोऱ्याचे टाके बघत होते.

लाल काहीतरी होतं, एवढं डोळ्यांपुढे येतं. पानाच्या कडेला लाल. पान खाणाऱ्याचे हात लागले असतील असं वाटलं होतं बहुतेक. की हे आता आठवून आठवून मीच रंगवलंय? नक्की सांगता येत नाही.

२६ डिसें.
कॅलेंडरं संपली. काशीबाईने देवासमोर एक लावलं. म्हणाली, "ताई, सांगून टाका वाचलं म्हणून. तुमची जीभ काय झिजणार हाय?" सगळ्यांना सोपं वाटतंय. मलाही वाटतंय, तीच तर भीती. एकदा दुकान वाचवायला खोटं बोलले ते लगेच जमलं. आता मुलीसाठी बोलायचं तर दहा वेळा विचार. कोणती मी खरी, देव जाणे.

२९ डिसें.
दीपालीचा फोन आला. मला वाटलं, तीही तेच म्हणेल. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, ताईंना सांग, जेवढं दिसलं तेवढंच सांगा. उद्या उलटतपासणीत अडकलात तर आमचा कागद आणखी खोटा ठरेल." मग थोडं थांबून म्हणाली, "मला मात्र वाटतं तुम्ही वाचलं असतं तर बरं झालं असतं."

मला पण गं.

३० डिसें.
जाऊन आलो. लाकडी बाकावर दोन तास. रमेशभाऊ तोच इस्त्रीचा शर्ट घालून. मास्तरांचा हात पिशवीच्या बंदावरून सुटत नव्हता.

साहेब तरुण होते, वाईट नव्हते. भिंगातून पान बघितलं. अक्षरांचे पाय मोजले, एका कागदावर उतरवून घेतले. 'रमेश' बसू शकतं म्हणाले, दुसरंही काही बसू शकतं. पान तज्ज्ञाकडे पाठवणार. कॉलेजला मुदतवाढीचं पत्र देतो म्हणाले, पण कॉलेजने ते मानायला हवं. निर्णय नंतर कळेल.

मग माझ्याकडे वळले. कधीपासून हे काम करता, कोणतं मशीन, किती कापलं. दोन सूत म्हटलं. ते पाव इंच का, विचारलं. हो म्हटलं. कडेला काही दिसलं होतं का? लाल दिसलं होतं. शाई की डाग? ते सांगता येणार नाही.

"काय लिहिलं होतं, ते वाचलं होतंत?"

रमेशभाऊ समोर बघत होते, माझ्याकडे नाही. दादाचं वाक्य तोंडात तयार होतं, अगदी ओठावर. चार शब्दांचं काम.

"नाही."

"न वाचताच कापलंत?"

"हो," म्हटलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी त्याखाली सही केली.