काचपट्टी

गाझियाबाद
३ नोव्हेंबर २०२५

चि. विलास यास आशीर्वाद.

आपल्या जुन्या क्वार्टरखालच्या मेट्रो स्टेशनच्या इतिहासाचं पुस्तक निघतंय आणि त्यात तुझ्याबद्दल एक चुकीचं वाक्य छापलं जाणार आहे, म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं. तूही लिहीत नाहीस. यंदाची बारावी भाऊबीजही कोरडीच गेली.

आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर वरखाली होते. इथली लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. सेक्रेटरीला तीन पत्रं दिली. तो "बिल्कुल, आंटीजी" म्हणतो आणि काडीचंही करत नाही.

पुस्तकाचं काम करणारी रसिका परवा आली होती. मराठी घरातली, पण नोएडात वाढलेली. जुन्या फायलीत माझं नाव सापडलं, तिला माझी वही हवी होती.

वही तुला आठवत असेल. भुयार खोदायचं मशीन आपल्या ब्लॉकखालून जाणार म्हणून तुमच्या लोकांनी हॉलमधल्या जुन्या भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली होती. भिंत जरा हलली तरी काच फुटणार. बाहेर तू दुर्बीण लावून इमारत खचते का ते मोजायचास, आत मी रोज सकाळी सातला काच बघून वहीत लिहायची, "अखंड." एकशे चार दिवस लिहिलं. ब्लॉकमधल्या सगळ्या बायकांना दम भरला होता, काचेजवळ कोणी फिरकायचं नाही.

रसिका पानं उलटत म्हणाली, "काकू, ये तो गोल्ड है यार!"

"मी तुझी यार नाही. आणि कप वहीवर ठेवू नकोस."

मग तिने मसुदा वाचून दाखवला. सर्व्हेयर विलास रेगे यांनी प्रत्यक्ष न मोजताच नोंदी भरल्या. एका जागरूक महिला रहिवाशामुळे ते उघडकीस आलं. काम नऊ दिवस थांबलं. जागरूक महिला म्हणजे मी. माझा फोटोही हवाय त्यांना.

इतक्यात तिचं बोट अठ्ठावीस ऑगस्टच्या पानावर थांबलं. "स. ७, अखंड. दुपारी मखर. ४.१०, काच फुटली."

"काकू, मखर म्हणजे?"

"गणपतीमागची आरास."

"अच्छा. भिंतीला कशी लावतात? चिकटवून?"

मी चहा गरम करायला उठले. चहा गरमच होता.

आता ऐक. खिळा मी ठोकला होता. भेगेच्या वर चार बोटं. तिसऱ्या घावाला टिक असा आवाज आला. खालचं मशीन तेव्हा पार बाजारापलीकडे होतं. फुटली की कळवायचं असा नियम होता म्हणून लगेच साइटवर फोन केला आणि एवढंच सांगितलं, काच फुटली. खोटं बोलले नाही. मग हेल्मेटवाले सहाजण आले, साहेब म्हणाले, "मॅडम, आपने तो सबको बचा लिया." सरोजिनी नगरहून आणलेला जरीचा पडदा तोवर त्या खिळ्याला लटकत होता. सगळा ब्लॉक दारात उभा. माझं तोंड उघडेना.

तू म्हणालास, "ताई, भिंत हललेली नाही. माझी दुर्बीण खोटं बोलत नाही."

"काचही बोलत नाही," मी सर्वांदेखत ओरडले.

नऊ दिवस मोजमापं झाली, काही सापडलं नाही. तरी काच का फुटली, याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं. तुझ्या नोंदीत हालचाल नव्हती, म्हणून तू न मोजताच लिहिलंस असं ठरलं.

काच फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू आरतीला आला होतास. पडद्याची दोरी सुटली होती, ती तूच परत बांधलीस. खिळ्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिलास, मग काही न बोलता टाळ घेतलेस. सोमवारच्या चौकशीतही गप्प. मी ह्यांना म्हटलं, बघा, चूक असल्याशिवाय माणूस गप्प बसतो का?

विलास, तुला तेव्हाच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीस? मला सांभाळून घे असं कोणी सांगितलं होतं तुला? नोकरी गेली, आता जळगावात प्लॉट मोजतोस, आणि मला साधं एकदा दोन शब्द सुनावले नाहीस. इतकी वर्षं मी तुझ्यावरच चिडत राहिले. ते सोपं होतं.

चहा घेऊन परत आले आणि रसिकाला म्हटलं, "पेन काढ. मखर खिळ्याला टांगतात."

सगळं लिहून घेतल्यावर म्हणते, "काकू, इतकी जुनी गोष्ट. कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे."

वाक्य बदलल्यावर ती तुला फोन करून वाचून दाखवेल. उचल. माफी मी पत्रात मागणार नाही. जळगावला येऊन मागेन, तू ये म्हणालास तर.

तुझी, अजून म्हणत असशील तर, ताई
सुनीती

ता. क. रसिकाला दिलेल्या वस्तू, तिची सही घेऊन:
वही, एक.
माझ्या सहीचं निवेदन, एक पान. प्रत या पत्रासोबत.
खिळा, अडीच इंची, एक. क्वार्टर सोडताना भिंतीतून मीच उपटलेला.