दुपारी लवकर विरणारा आवाज

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल एक काम पुरं झालं आणि ते नीट समजेल असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं आठवेना, म्हणून लिहायला बसले. बेळगावला डिप्लोमाला असताना तुम्ही आमची इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घ्यायचात. सोमवारी निपाणीहून येणारी माझी बस उशिरा पोचायची. अशाच एका सोमवारी, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज हळूहळू उतरते त्याचा आलेख मी मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवला. तुम्ही पान डोळ्यांजवळ नेलंत, बराच वेळ बघितलंत आणि आवाज न चढवता म्हणालात, "ही रेघ तू वाकवलीस गं. कपॅसिटरनं न्हाय." सगळे जेवायला गेले. तुम्ही मला थांबवून एक मोठा कपॅसिटर लावून दिलात आणि दर पाच सेकंदांनी मीटरच्या काट्याचं रीडिंग घ्यायला लावलंत. मी रडवेली झाले होते. पण काटा आधी भरभर उतरला, मग जसजसं कमी उरलं तसतसा रेंगाळायला लागला, आणि मी रडायचं विसरून गेले. तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवलीत, पण माझी नजर मीटरवरून हलली नाही. शेवटच्या वर्षी तुम्ही तुमचा स्वतःचा काट्याचा मीटर मला देऊन टाकलात. कशाला, असं मी विचारलं, तर मला दोन लागत नाहीत म्हणालात. तुमच्याकडे दुसरा नव्हता, हे मला नंतर कळलं.

आता मी निपाणीतच, आमच्या पत्र्याच्या खोलीत, मॉड्युलर सिंथेसायझरचे भाग बनवते. विजेतून आवाज काढणारं वाद्य, त्याचे सुटे भाग वायरींनी एकमेकांना जोडायचे. माझा भाग स्वतः आवाज काढत नाही. आवाज किती झपकन चढावा, किती टिकावा आणि किती सावकाश विरावा, एवढंच तो ठरवतो, आणि या वेळासुद्धा दुसऱ्या एखाद्या व्होल्टेजनं बदलता येतात. आत बसलाय तो तुमचाच, हळूहळू रिकामा होणारा कपॅसिटर. परदेशातल्या एका वादकानं पहिली खेप मागवली होती. बोर्ड तयार होते, सोबतची माहितीपुस्तिका छापून झाली होती, त्यात वेळांचे सुंदर आलेख होते.

आई बाजूला बसलेली असते. तिचा जन्म विड्या वळण्यात गेला. आता हात थांबलेत, पण कान तीक्ष्ण आहेत. मी रोज दिवसभर एकच लांबलचक स्वर तपासत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सकाळच्यापरास दुपारी लौकर गप बसतंय बघ हे."

मी तिला म्हटलं, तुला तसं वाटतंय. ती म्हणाली, "वाटत न्हाय. ऐकाय येतंय."

मी चिडले. मग पुस्तिकेतल्या आलेखांकडे बघितलं. ते सगळे कॉम्प्युटरनं काढून दिलेले होते. मी एकही स्वतः मोजून काढला नव्हता. तुमचा मीटर काढला आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी रीडिंगं घेतली. आईचं खरं होतं. पत्रा तापला की बोर्डावरचे ट्रान्झिस्टर तापत होते आणि आवाज ठरल्यापेक्षा लवकर विरत होता. त्या वादकाच्या थंड देशात कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तरी मी त्याला खरं काय ते लिहून कळवलं आणि खेप थांबवली. ऑर्डर हातची गेली असंच धरून चालले होते. त्यानं एवढंच लिहिलं, की तो थांबेल.

ट्रान्झिस्टरची जोडी एकमेकांना चिकटवली, उष्णतेबरोबर बदलणारा एक रेझिस्टर त्यांच्या अंगाला लावून बसवला, बोर्ड नव्यानं काढले. दोन महिने गेले. काल भर दुपारी पुन्हा तोच स्वर लावला. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं नुसती मान डोलावली. नवे आलेख मी मोजून हातानं काढलेत, थोडे खडबडीत आहेत. खेप उद्या जाईल.

हे पत्र तुमच्या माणसांना तरी पाठवावं असं आज मनात आलं. येळ्ळूरहून यायचात, एवढंच मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या आईची तब्येत दर सोमवारी विचारायचात, बाई. तुमच्या घरी कोण कोण आहे, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.